राग कल्याण, घराणं शिंदे

डोंबिवली आणि कल्याण यांच्यामध्ये फक्त ठाकुर्ली आहे. रेल्वेच्या हिशेबानं हे अंतर दहा-बारा मिनिटांचं. पण गाण्याच्या बाबतीत आम्हां डोंबिवलीकरांनी मध्ये एक अख्खी खिंड कल्पिलेली आहे. खिंडीच्या अलीकडे भावगीत, नाट्यगीत आणि झब्बा घालून ऐकायची दिवाळी पहाट. पलीकडे सगळं ‘तसलं’. ‘कल्याण’ म्हटलं की आमच्याकडे लोक आधी तीव्र मध्यम लावतात. तिथं शिंदे नावाचं एक घराणं आहे, हे त्यांच्या कानावर येतं ते खिडकी बंद करताना!

या ‘तसल्या’ गाण्यांचा मेरुमणी म्हणजे आनंद शिंदे यांचं ‘नवीन पोपट हा’. त्यावर कुणी गंभीरपणे लिहीत नाही, म्हणून मी लिहितो.

हा पोपट ऐंशीच्या दशकातला, कॅसेटच्या पिंजऱ्यातून बाहेर पडलेला. त्याआधी तबकडीचं राज्य होतं. कुणाचा आवाज तबकडीवर चढवायचा, हे कंपनीतली मोजकी माणसं ठरवत आणि कुणाचा घरोघर पोचवायचा, हे आकाशवाणी. कॅसेट आली आणि दोन्ही दारांवरच्या रखवालदारांना पेन्शनीत निघावं लागलं. रेकॉर्डिंग स्वस्त, नक्कल त्याहून स्वस्त. पानाची टपरी, रिक्षा, एसटी स्टँडवरचं हॉटेल, लग्नाचा मांडव ही सगळी नवी नाट्यगृहं झाली. रेडिओनं लावलं नाही तरी पोपटाचं काही अडेना.

पण नुसती कॅसेट गात नसते. गाणारा गळा लागतो, आणि तो वडिलोपार्जित होता. आनंद शिंदे हे प्रल्हाद शिंद्यांचे चिरंजीव. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ हे दत्ता पाटलांचं, मधुकर पाठकांनी चाल दिलेलं गाणं ज्यांच्या आवाजात महाराष्ट्राला पाठ आहे, ते प्रल्हाद शिंदे. 2004 साली ते गेले. हा माणूस कव्वाली गायचा, भीमगीतं गायचा आणि विठ्ठलही गायचा. चौकातल्या गर्दीच्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणारा तो गळा. पुढ्यात बँड वाजत असला तरी अक्षर गिळलं जात नाही, ही या घराण्याची खरी गायकी. पोपटाचं मर्मही तेच. चाल सोपी, शब्द साधे, पण फेक अशी की एकदा ऐकलं की आठवडाभर डोक्यातून उडत नाही.

दोष नाहीत असं नाही. सगळा विनोद मुखड्यातच खर्च होतो आणि कडवी त्याच्या व्याजावर जगतात. शिवाय एक पोपट खपला म्हटल्यावर बाजारात त्याच्या पिलावळीचा जो कलकलाट झाला, त्याचं पाप थोडं मूळ पुरुषाकडे जातंच. पण ‘दोन अर्थ निघतात हो!’ ही तक्रार मला मान्य नाही. शाहिराच्या लावणीतले दोन अर्थ अभ्यासक्रमात लागले की त्याला शृंगार म्हणायचं आणि रिक्षात वाजले की चावटपणा, हा कुठला न्याय?

पोपटानं पुढं वंशही वाढवला. 2005-06च्या सुमारास ‘जत्रा’ चित्रपटात अजय-अतुल यांनी ‘कोंबडी पळाली’साठी वैशाली सामंत यांच्या जोडीला आनंद शिंद्यांनाच बोलावलं. पोपटानंतर कोंबडी! पक्षिशास्त्राला कल्याणनं दिलेली ही देणगी. ती कोंबडी पळत पळत 2012 साली हिंदी ‘अग्निपथ’मध्ये शिरली आणि ‘चिकनी चमेली’ झाली. त्यावर आमच्या सोसायटीतल्या लग्नांत माम्या-आत्यासुद्धा नाचल्या. मराठीत जे ‘तसलं’ असतं ते हिंदीत गेलं की ‘संगीत’ होतं, तेही हॉल बुक करून.

मग 2013 साली ‘दुनियादारी’ आला. सुहास शिरवळकरांची कादंबरी म्हणजे आम्हां मध्यमवर्गीयांच्या कॉलेजच्या दिवसांची पोथीच. त्यात ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’ म्हणायला इतर आवाजांबरोबर कोण होतं? आदर्श शिंदे. आनंदरावांचे चिरंजीव, प्रल्हाददादांचे नातू. खिडक्या लावणारे सगळे थिएटरात डोळे पुसत होते.

म्हणजे आषाढीला या घरातला विठ्ठल चालतो, लग्नात कोंबडी चालते, थिएटरात देव चालतो. भीमजयंतीला तोच गळा बाबासाहेबांना वंदन करतो, तेव्हा मात्र ‘आवाज फार मोठा आहे बुवा’ म्हणून खिडकी लागते. आवाज तेवढाच असतो हो! आषाढीला कुणी डेसिबल मोजत नाही. आपण कान गाण्याला देतो की मांडवाला, एवढंच पोपटाच्या निमित्तानं विचारायचं होतं.

बाकी कल्याण रागाबद्दल माझी काही तक्रार नाही. तोही चांगला आहे. फक्त तो ऐकताना, दोन स्टेशनं पुढं राहणाऱ्या घराण्याचं नाव ठाऊक असायला हरकत नसावी.