डोंगल, डीबगर आणि न मोजलेला खर्च

जुन्नर, नारायणगाव, मंचरच्या डीटीपीवाल्यांना डोंगल समजावून सांगावा लागत नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर याच कुलपासोबत यायची. आधी प्रिंटरच्या पोर्टला, पुढे यूएसबीला.

हे कुलूप चालतं कसं? प्रोग्राम डोंगलला प्रश्न विचारतो; उत्तर बरोबर आलं तरच पुढे जातो. म्हणजे शेवटी सगळं एका 'हो-नाही'वर येतं. डीबगर लावून तो निर्णय शोधला आणि उलटा केला, की कुलूप निघालं. म्हणून प्रोग्राम आधी डीबगरलाच हुडकतो. दोन सूचनांमधला वेळ मोजतो, कारण मध्ये कोणी थांबून बघत असेल तर तो वेळ एकदम वाढतो. स्वतःच्या कोडची बेरीजही तपासतो, कारण ब्रेकपॉइंट टाकताना डीबगर सहसा तिथला एक बाइट बदलतो. पण या तपासण्यासुद्धा कोडच आहेत, त्याही शोधून काढता येतात.

मग कोड वाचायलाच अवघड करायचा. कोलबर्ग, थॉम्बॉर्सन आणि लो यांचा १९९७चा अहवाल या विषयात सगळे वाचतात. अशा युक्त्या तोलायला त्यांनी दिलेले मुख्य निकष तीन: माणूस किती गोंधळतो, उलगडणाऱ्या प्रोग्रामपुढे युक्ती किती टिकते, आणि खर्च किती. वर्गीकरण पक्कं आहे, म्हणूनच ते टिकलंय. माझा आक्षेप तिसऱ्या निकषावर आहे. तिथे खर्च म्हणजे फक्त जास्तीचा वेळ आणि मेमरी.

पैसे मोजून घेणाऱ्याचा खर्च यात कुठेच नाही. डोंगल बिघडला, प्रिंटरचं पोर्ट नव्या मशीनवरून गेलं, तर नुकसान त्याचं. कुलूप तोडणाऱ्याला काहीच फरक पडत नाही. शिवाय जुना मजकूर युनिकोडमध्ये नाही, फॉन्टच्या स्वतःच्या सांकेतिक क्रमांकांत आहे. फॉन्ट नसेल तर जुन्या स्मरणिकेची फाइल उघडूनही वाचता येत नाही.

आणि पूर्ण संरक्षणाची आशा तर २००१मध्येच संपली. कुठलाही प्रोग्राम काळ्या डब्यासारखा बंद करणारी सर्वसाधारण पद्धत असू शकत नाही, हे बराक आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केलं. उरतो तो फक्त उशीर. तो किती आणि कोणाच्या खर्चाने, हे विचारायलाच हवं.

या विषयावर प्रपोजल लिहिणार असाल तर कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(एबी) आधी वाचा. प्रोग्राम कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला, दुसऱ्या प्रोग्रामशी तो जुळवण्यासाठी लागणारी आणि इतरत्र सहज न मिळणारी माहिती काढायला ते मुभा देतं. सोबत २०१२मध्ये आलेलं ६५ए वाचा. तिथे शिक्षा हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडण्याला आहे. जुन्या मराठी फाइली सोडवण्याचं काम या दोन्हींच्या मध्ये कुठे बसतं, हा चांगला संशोधनप्रश्न आहे.