जादू कोणाच्या हाती? फँटसी कादंबऱ्यांतील अधिकार आणि नीती

आर. एफ. क्वांग यांची 'बेबल' ही कादंबरी २०२२ साली प्रसिद्ध झाली. तिची सुरुवात कँटन शहरातल्या एका घरात होते. पटकीच्या साथीने घर रिकामे केले आहे. एक लहान मुलगा तेवढा धुगधुगी धरून आहे आणि शेजारी त्याच्या आईचे प्रेत आहे. ऑक्सफर्डचा एक प्राध्यापक येतो, कोरीव शब्दांची चांदीची पट्टी मुलाच्या छातीला लावतो, ते शब्द उच्चारतो आणि मुलगा वाचतो. मोठा झाल्यावर या मुलाच्या, म्हणजे रॉबिनच्या, मनातून एक प्रश्न जात नाही. पट्टी होती, शब्द ठाऊक होते, मग आई का वाचली नाही? उत्तर साधे आणि भयंकर आहे. प्राध्यापकाला आईचा काही उपयोग नव्हता. त्याला चिनी बोलणारी एक कोवळी जीभ हवी होती.

जादूच्या गोष्टी वाचताना आपण सहसा विचारतो की ही जादू काय काय करू शकते. उडता येते का, मेलेला उठतो का, सोने होते का. रॉबिनचा प्रश्न वेगळा आहे. जादू काय करते यापेक्षा ती कोणाला मिळते, कोणत्या वाटेने मिळते आणि वाटेवर कोण उभे असते, यावर त्या जगातला समाज ठरतो आणि त्या समाजाची नीतीही ठरते. या लेखात मला एवढेच म्हणणे काही ठळक कादंबऱ्यांच्या आधाराने तपासायचे आहे.

तपासणीसाठी चौकट बाहेरून आणण्याची गरज नाही. पतंजलीच्या योगसूत्रांतील चौथ्या पादाच्या आरंभीच सिद्धी कशाकशातून येतात ते सांगितले आहे: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. आधुनिक फँटसीतल्या बहुतेक साऱ्या जादूव्यवस्था या पाच दारांपैकी एकातून किंवा दोहोंतून आत येतात. शिवाय आपल्या भाषेत 'अधिकार' हा शब्द आहे. त्याचे तीन अर्थ होतात: पात्रता, हक्क आणि सत्ता. एखाद्याला 'अधिकारी पुरुष' म्हणताना पात्रता अभिप्रेत असते. 'माझा अधिकार' म्हणताना हक्क आणि 'अधिकारी आले' म्हणताना सत्ता. मराठीने एका शब्दात बसवलेले हे तीन अर्थ समाजात एकत्र नांदत नाहीत. चांगली फँटसी त्यांच्यातले अंतर दाखवते.

जन्माचे दार

सर्वांत परिचित उदाहरण जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटरचे. १९९७ ते २००७ या काळात आलेले हे सात भाग मराठीतही आहेत. इथे जादू जन्मजात आहे. ती जादूगार आईबापांच्या पोटी बहुधा येते, कधी साध्या घरातही उगवते, तर कधी जादूगार घराण्यात जन्मूनही मिळत नाही. शाळेची राखण करणारा फिल्च हा असाच. आयुष्यभर तो जादू शिकणाऱ्या मुलांच्या मागे फरशा पुसतो. त्याचा कडवटपणा विनोदासाठी वापरला आहे, पण त्यामागचे दुःख कादंबरीने फारसे उलगडलेले नाही.

व्होल्डेमॉर्टच्या राजवटीत साध्या घरांतून आलेल्या जादूगारांवर आयोग बसतो आणि तुम्ही जादू कोणाची चोरली, असे त्यांना विचारले जाते. हा भाग मालिकेतल्या सर्वांत धारदार भागांपैकी आहे. जन्माने मिळालेल्या गोष्टीलाही काही लोक आपली खासगी मालमत्ता मानतात आणि दुसऱ्याला चोर ठरवतात, हे रोलिंग नेमके पकडतात. रक्तशुद्धीचा हा विचार त्या ठामपणे नाकारतात. माणूस जन्माने नव्हे, निवडीने ठरतो, हा त्यांचा नैतिक गाभा आहे.

तरीही एक प्रश्न उरतो. भांडण फक्त दाराच्या आत कोणाला घ्यायचे यावर आहे. दार मुळात असावे का, हे कोणी विचारत नाही. पहिल्याच पुस्तकात जादू गुप्त का ठेवतात असे हॅरी विचारतो, तेव्हा हॅग्रिड सांगतो की नाहीतर प्रत्येक जण आपल्या अडचणींवर जादूचा उपाय मागत बसेल. वाचक हसून पुढे जातो. पण मोडलेली हाडे एका रात्रीत जोडणारे लोक शेजारच्या इस्पितळात मरणाऱ्यांना काहीच देत नाहीत, असा त्या वाक्याचा अर्थ होतो. क्विडिचच्या विश्वचषकाच्या वेळी तंबूंची जागा सांभाळणाऱ्या साध्या माणसाची स्मृती दिवसातून अनेकदा पुसली जाते, तीही सज्जन पक्षाच्या सोयीसाठी. घरकाम करणाऱ्या एल्फांना आणि बँक चालवणाऱ्या गॉब्लिनांना छडी बाळगण्याची बंदी आहे. शेवटच्या भागात ग्रिपहूक हा गॉब्लिन तो हक्क बोलून दाखवतो, पण युद्ध संपल्यावर त्या हक्काचे काय झाले ते कळत नाही. दुष्टाचा पराभव होतो, व्यवस्था मात्र तशीच राहते.

ब्रँडन सँडरसन यांच्या 'मिस्टबॉर्न' मालिकेतली पहिली कादंबरी २००६ सालची. तिथे हेच दार अधिक स्पष्ट दिसते. धातूंची पूड गिळून ती पोटात 'जाळणे' ही तिथली जादू. ही शक्ती सरदार घराण्यांत वारशाने येते, कारण त्यांच्या पूर्वजांनी सम्राटाला त्याच्या उदयाच्या काळी साथ दिली होती. म्हणजे ज्याला रक्ताचा गुण म्हणतात ते मुळात वतन आहे, आणि पिढ्या गेल्यावर वतन निसर्गासारखे दिसू लागते. हे रक्त कष्टकरी स्का लोकांत मिसळू नये म्हणून सरदाराने ज्या स्का स्त्रीला भोगले तिला मारून टाकावे, असा दंडक आहे. नायिका व्हिन हा दंडक मोडल्याचा पुरावा आहे. सँडरसन यांची भाषा सपाट आहे आणि लढाया लांबतात. पण जन्माच्या दारावरचा पहारा स्त्रीच्या देहावर बसवलेला असतो, ही गोष्ट त्यांनी जादूच्या नियमांतच गुंफली आहे.

आता उलटे उदाहरण. एन. के. जेमिसिन यांच्या 'ब्रोकन अर्थ' त्रयीतला पहिला भाग, 'द फिफ्थ सीझन', २०१५ साली आला. तीनही भागांना सलग तीन वर्षे, २०१६ ते २०१८, ह्यूगो पुरस्कार मिळाला. इथे काही माणसे भूकंप थोपवण्याची किंवा घडवण्याची शक्ती घेऊन जन्मतात. या जगातली जमीन कधीही फाटू शकते, म्हणून सारा समाज या माणसांवर जगतो आणि त्यांचाच सर्वाधिक द्वेष करतो. कथेच्या आरंभीच एक बाप स्वतःच्या चिमुकल्या मुलाला मारतो, कारण मुलात ती शक्ती असल्याचे त्याला कळते. इथे पात्रता आहे, पण हक्क नाही आणि सत्ता तर नाहीच. 'ज्याच्याकडे शक्ती तो राज्य करतो' हे जादूच्या गोष्टींचे जुने गृहीतक जेमिसिन मोडून काढतात. शक्ती कोणाच्या अंगात आहे याला महत्त्व नसते, तिचा वापर कोण ठरवतो याला असते. शेतात राबणाऱ्याच्या बाहूंतही शक्ती असते, पण धान्य कोठे जायचे ते त्याने ठरवलेले नसते.

मंत्राचे आणि औषधीचे दार

जन्माच्या तुलनेत मंत्राचे दार उदार वाटते. शब्द कोणीही शिकू शकतो. अर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) मध्ये प्रत्येक वस्तूला आदिभाषेत खरे नाव असते आणि ते नाव जाणणे म्हणजे जादू. अंगभूत देणगी लागतेच, पण ती कोठेही सापडू शकते. नायक गेड हा गाँट बेटावरचा शेळ्या राखणारा पोर आहे आणि त्याचे पहिले शब्द तो आपल्या मावशीकडून शिकतो. मावशी गावची चेटकीण. पुढे रोकच्या विद्यापीठात गेड महान होतो. तिथे मात्र फक्त मुलगे शिकतात. जिने पहिला शब्द दिला तिच्या विद्येला त्या जगातली म्हण क्षुद्र ठरवते.

१९६८ साली ले ग्विन यांना यात काही खटकले नसावे. १९९० साली, तिसऱ्या भागानंतर १८ वर्षांनी, त्या 'तेहानू' घेऊन परत आल्या आणि २००१ च्या कथासंग्रहात त्यांनी रोकचा इतिहासच पुन्हा सांगितला. ते विद्यापीठ उभारण्यात स्त्रियांचा मोठा वाटा होता, दार त्यांच्यासाठी नंतर बंद झाले. स्वतः बांधलेल्या जगाची अशी झडती घेणारा लेखक दुर्मीळ.

मंत्राच्या दाराशी मराठी वाचकाला कर्ण आठवल्यावाचून राहत नाही. परशुरामाकडून अस्त्रविद्या मिळवण्यासाठी तो आपली ओळख लपवतो. विद्या त्याला येते, म्हणजे पात्रता सिद्धच होते. पण हक्क नव्हता म्हणून ऐन वेळी ती आठवणार नाही, असा शाप मिळतो. संस्कृतात कोंडलेला गीतार्थ १२९० साली मराठीत आणणाऱ्या ज्ञानेश्वरांनी हे दार दुसऱ्या बाजूने उघडले. ज्यांना शब्दच मिळत नव्हते त्यांच्या भाषेत तो अर्थ नेला.

'बेबल'मध्ये मंत्र आणि औषधी ही दोन दारे एकत्र येतात. चांदीच्या पट्टीच्या दोन बाजूंना दोन भाषांतले समानार्थी शब्द कोरतात आणि भाषांतरात जो अर्थ निसटतो तो पट्टीतून प्रकट होतो. त्यासाठी दोन्ही भाषा मातृभाषेसारख्या येणारा माणूस लागतो. म्हणून कँटनचा रॉबिन, कलकत्त्याचा रामी आणि हैतीची व्हिक्तोआर यांना ऑक्सफर्ड सन्मानाने आत घेते. भाषा त्यांची, चांदी साम्राज्याची आणि लाभ लंडनचा. त्यांच्या भाषेतून निघालेली पट्टी त्यांच्या माणसांना विकत घेणेही परवडत नाही. चीनशी होऊ घातलेले अफूचे युद्धही चांदीसाठीच आहे. कादंबरीचे दोषही सांगितले पाहिजेत. क्वांग वाचकावर विश्वास टाकत नाहीत. प्रसंगाने जे सांगितले ते पात्रे पुन्हा बोलून दाखवतात आणि खलपात्रे फार सहज खल ठरतात. तरीही कच्चा माल, कारागीर आणि बाजार यांचे गणित जादूच्या कथेत इतके स्वच्छ मांडलेले मी अन्यत्र वाचलेले नाही.

तप: किंमत कोणाची?

तपाचे दार आपल्या पुराणांत सर्वांत खुले दिसते. रावण तप करतो, हिरण्यकशिपू करतो, भस्मासुरही करतो, आणि देवांना वर द्यावाच लागतो. तपाला कुळ नसते. पण याच परंपरेत, रामायणाच्या उत्तरकांडात, तप केले म्हणून शंबूकाचा वध होतो. म्हणजे सर्वांत खुल्या दारावरही पहारेकरी होताच.

तपाचे तत्त्व असे की शक्तीची किंमत मिळवणाऱ्याने स्वतः द्यावी. फँटसी कादंबरीची नैतिक उंची मोजायला याहून चांगली पट्टी मला सापडलेली नाही. गेड गर्वाने मृतात्म्याला बोलावतो आणि एक काळी छाया जगात सोडतो. ती फट बुजवताना रोकचा वृद्ध महाजादूगार प्राण गमावतो. आपल्या चुकीची किंमत दुसऱ्याने दिली, हे ओझे गेड पुढे आयुष्यभर वाहतो. म्हणून तो आपल्याला मोठा वाटतो. याउलट जेमिसिन यांच्या जगात ठिकठिकाणच्या ठाण्यांवर भूकंप शमवायला जी माणसे ठेवलेली असतात, त्यांचे खरे रूप एका प्रसंगी दिसते. खुर्चीला जखडलेले, जाणीव खुडून टाकलेले एक मूल. शहरातल्या लोकांना रात्री शांत झोप लागते ती त्याच्या जिवावर, आणि त्यांना ते ठाऊकही नसते.

समाधी, म्हणजे दाराबाहेर येणे

ज्या ग्रंथाने सिद्धींची यादी दिली तोच त्यांना समाधीच्या वाटेतले अडथळे म्हणतो. मराठी परंपरेने हा विचार गोष्टीत सांगितला. वाघावर बसून, सापाचा चाबूक घेऊन चांगदेव आले आणि ही भावंडे भिंतीवर बसून सामोरी गेली. आपण भिंत चालल्याचे कौतुक करतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. चौदाशे वर्षांचा योगी शेवटी लहानग्या मुक्ताबाईला गुरू करतो. सिद्धीने जिंकलेले सारे तो खाली ठेवतो.

'द फार्देस्ट शोर'मध्ये (१९७२) जीवन आणि मृत्यू यांच्यातली भेग बुजवताना गेड आपली सारी शक्ती खर्चून टाकतो. 'तेहानू'मध्ये तो रिकाम्या हातांनी गावी परततो आणि पुन्हा शेळ्या राखतो. ही कादंबरी अनेक वाचकांना निराश करते, कारण तिच्यात जादू जवळजवळ नाही. आहेत ती एक शेतकऱ्याची विधवा, भाजलेल्या चेहऱ्याची एक पोर आणि शक्ती गमावलेला एक पुरुष. माझ्या मते ती या साऱ्या परंपरेतली सर्वांत धाडसी कादंबरी आहे. अधिकार गेल्यावर माणसात काय उरते, हा प्रश्न विचारायला आधी अधिकाराची तीन पुस्तके लिहावी लागली.

फँटसी म्हणजे पलायन, असे आपल्याकडे अजूनही सहज म्हटले जाते. काही पुस्तके तशी आहेतही. पण निवाडा करताना जादू खरी की खोटी हे पाहून उपयोग नाही. दाराशी कोण उभे आहे, किंमत कोण देतो आणि दाराबाहेरच्या माणसाला त्या पुस्तकात स्वतःचे मन आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. रोलिंग पहिल्या प्रश्नाशी झगडतात आणि तिसऱ्याशी थांबतात. जेमिसिन दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नजर न वळवता देतात. ले ग्विन तिन्ही प्रश्न स्वतःलाच विचारतात, उशिरा का होईना.

आणि क्वांग यांच्या रॉबिनला कळते की वाचणे ही कृपा नव्हती, निवड होती. त्या खोलीत दोन माणसे आजारी होती आणि पट्टी एकासाठीच काढली गेली. जादू नसलेल्या आपल्या जगातही औषध, शाळा आणि भाषा यांची वाटणी अशीच कोणीतरी ठरवत असते. गोष्ट वाचून झाल्यावर ते कोण, एवढे जरी आपण विचारू लागलो, तरी त्या गोष्टीचे काम झाले.