‘टॅलंट’चे वजन

“तिच्या मुलीत टॅलंट आहे हो, आमच्याकडे ते नाही,” हे उद्गार आपल्या कुटुंबांत इतक्या सहजतेने निघतात की त्यातील इंग्रजी शब्द आता कोणालाच परका वाटत नाही. धर्मग्रामातील सणाच्या कार्यक्रमालाही ‘टॅलंट शो’ हे नाव रूढ झाले आहे. या शब्दाचा आजचा अर्थ मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातील दृष्टांतातून जन्मला, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. आम्हांला तो जन्म आणि त्यानंतर अर्थाची झालेली ओढाताण, दोन्हींविषयी काही म्हणावयाचे आहे.

ग्रीक ‘तालान्तोन’ म्हणजे मुळात तराजू. पुढे त्यात तोलले जाणारे वजन आणि अखेरीस तितक्या वजनाची चांदी. उचलणे, पेलणे या अर्थाच्या ज्या प्राचीन धातूपासून तो शब्द निघाला, त्याच धातूशी संस्कृत ‘तुला’चे नाते भाषाशास्त्रज्ञ जोडतात. म्हणजे आपले तोलणे, तुलना आणि सोनाराचा तोळा ही ‘टॅलंट’ची दूरची भावंडेच ठरतात! एका तालान्तोनात ६,००० द्राख्मा. द्राख्मा आणि रोमी दिनार साधारण समान मोलाचे, आणि द्राक्षमळ्यातील मजुराला दिवसाची मजुरी एक दिनार मिळाली, हे मत्तयच २०व्या अध्यायात सांगतो. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर एका तालान्तोनात २० वर्षांची मजुरी सामावते. ज्याला आपण प्रवचनांतून ‘बिचारा एकच मिळालेला’ म्हणून ओळखतो, तो चाकर असा होता.

मध्ययुगीन लॅटिनमध्ये या शब्दाला ‘मनाचा कल’ असा अर्थ आला; पारडे एका बाजूस झुकावे तसा. दान्तेने ‘दिव्य कॉमेडी’च्या नरकखंडात विवेकावर कुरघोडी करणाऱ्या वासनेसाठी ‘तालेन्तो’ हाच शब्द योजला आहे. एकेकाळी इंग्रजीतही तो अर्थ होता. परंतु १५व्या शतकापासून दृष्टांताच्या प्रभावाने ‘ईश्वराने दिलेली क्षमता’ हा अर्थ तेथे रुजला आणि पुढे त्यातून ईश्वरही गळाला.

आमचा आक्षेप येथे आहे. दृष्टांतात धन्याने प्रत्येकाला ‘त्याच्या क्षमतेप्रमाणे’ तालान्तोन दिले, आणि क्षमतेसाठी तेथे ‘दुनामिस’ हा निराळा ग्रीक शब्द आहे. डायनॅमो, डायनामाइट हे शब्द त्याच कुळातले. तालान्तोन म्हणजेच क्षमता मानली, तर धन्याने क्षमतेप्रमाणे क्षमता वाटल्या, असे विचित्र वाक्य होईल. १८व्या अध्यायात राजा चाकराचे १०,००० तालान्तोन कर्ज माफ करतो. तेथे दहा हजार कलागुण असा अर्थ कोणीही प्रवचनकार लावीत नाही. तेव्हा २५व्या अध्यायातही मुख्य गोष्ट चाकराच्या अंगचे गुण नसून धन्याची ठेव आहे, त्याने टाकलेला विश्वास आहे. लूकच्या १९व्या अध्यायातील तत्सम कथेत तर दहाही चाकरांना एकेक मीनाच मिळतो. त्या कथेत धनी कोणाचीही क्षमता जोखत नाही.

मराठी बायबलांत या जागी कोठे हजार रुपये, कोठे नाण्यांच्या थैल्या आल्या. त्यामुळे मराठी श्रोता ‘कलागुणां’च्या सापळ्यातून वाचला, हे श्रेय भाषांतरकारांना द्यावेच लागेल, पण आजच्या कानांना हजार रुपये म्हणजे आठवड्याचा बाजारसुद्धा नव्हे. वीस वर्षांचे ओझे त्यात उतरत नाही. थैली त्यामानाने बरी, निदान ती जड असू शकते.

शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र पेलणारा कवी आम्हांला आढळतो तो मिल्टन. १६५२ पर्यंत तो पूर्ण अंध झाला होता. अंधत्वावरील सुनीतात त्या थोर कवीने स्वतःला पाच तालान्तोनवाल्या चाकराच्या जागी ठेवलेले नाही. आपल्याजवळचे एकमेव तालान्तोन निरुपयोगी पडून आहे, ही त्याची भीती आहे. ते काव्यसामर्थ्य असेल, पण हिशेब मागणारा धनी त्याच्या दृष्टीआड झालेला नाही. आपल्या घरांत हाच शब्द शेजारच्या मुलीशी आपल्या मुलाची तुलना करण्यासाठी वापरला जातो, तेव्हा ठेव आणि धनी दोन्ही नाहीसे होऊन केवळ तराजू उरतो.

आणि तो तिसरा चाकर? त्याची चांदी २० किलोंहून अधिक भरली असती. एवढे ओझे त्याला खड्ड्यापर्यंत वाहून न्यावे लागले असणार, हे आपल्या प्रवचनांत कधी येत नाही.