व्हिक्टोरियाचं उलटं पाऊल

२००३ च्या जूनमध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात गॅरी रॉजर्स आणि हर्ब ड्रॅगर्ट या दोन कॅनेडियन शास्त्रज्ञांचा एक लहानसा शोधनिबंध आला. त्यातल्या एका आकृतीबद्दल मला लिहायचं आहे. इतक्या थोड्या रेघांत भूकंपाबद्दल इतकं सांगणारी दुसरी आकृती माझ्या पाहण्यात नाही.

आकृतीच्या वरच्या भागात निळे ठिपके आहेत. एक ठिपका म्हणजे एक दिवस. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं व्हिक्टोरिया, आत डोंगरांपलीकडच्या पेंटिक्टनच्या तुलनेत, त्या दिवशी पूर्वेला किती सरकलेलं होतं याची ती जीपीएस नोंद. व्हिक्टोरिया सरकतं, कारण समोरच्या समुद्रातली हुआन दे फुका प्लेट वर्षाला सुमारे ४ सेंटिमीटर वेगाने उत्तर अमेरिकेखाली शिरते आहे. कमी खोलीवर दोन्ही प्लेट एकमेकींत घट्ट अडकल्या आहेत, म्हणून खाली जाणारी प्लेट वरच्या जमिनीची कड आत रेटत नेते. ठिपक्यांमधून एक हिरवी रेघ सरळ चढत गेली आहे. एवढंच असतं तर ती पाठ्यपुस्तकातली साधी आकृती ठरली असती. पण ठिपके हिरव्या रेघेवर बसतच नाहीत. ते तिच्याहून जास्त चढाने वर जातात आणि दर १३ ते १६ महिन्यांनी एकदम खाली घसरतात. त्या चढउतारावर लेखकांनी करवतीच्या दात्यांसारखी लाल रेघ काढली आहे. एक घसरण म्हणजे व्हिक्टोरिया काही आठवड्यांत पाचेक मिलिमीटर उलट, समुद्राकडे गेलेलं. रोजचे ठिपके मुळातच थोडे विखुरलेले असल्यामुळे एखाद्या दात्याबद्दल शंका घेता येईल. पण दाते एकामागून एक येत राहतात आणि शंकेला जागा उरत नाही. हिरवी रेघ ही निव्वळ सरासरी आहे, जमीन तिच्या वेगाने कधी चाललीच नाही, हे मग लख्ख दिसतं.

१९९९ च्या उन्हाळ्यात या भागातल्या सात जीपीएस केंद्रांनी असं उलटं पाऊल टाकलं होतं. खोलवर, दोन प्लेटमधल्या विभंगावर, सुमारे २ सेंटिमीटर सरकणं झालं होतं. तेच एका दणक्यात झालं असतं तर ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला असता. कुणालाच काही जाणवलं नाही, भूकंपमापकांवरही काही सापडलं नाही, म्हणून २००१ च्या निबंधात ड्रॅगर्ट आणि सहकाऱ्यांनी या सरकण्याला मूक म्हटलं.

आकृतीचा खालचा भाग हे म्हणणं खोडून काढतो. २००२ मध्ये काझुशिगे ओबारा यांनी नैऋत्य जपानखाली सुमारे ३० किलोमीटर खोलीवर एक अगदी मंद थरथर असल्याचं दाखवलं होतं. कॅनडातले जुने भूकंपलेख मग त्या नजरेने पाहिले गेले. भूकंपाची नोंद ओळखू येते: सपाट रेघ, पी-लहरीचा झटका, मग मोठ्या एस-लहरी, मग ओसरणं. या थरथरीला झटका नाही. ती हळूहळू फुगते, तासन् तास चालते आणि केव्हा थांबली ते सांगता येत नाही. एकाच केंद्राचा कागद पाहिला तर वारा किंवा रहदारी म्हणून सोडून द्यावी अशीच ती दिसते. अनेक केंद्रांचे कागद एकाखाली एक मांडले की तोच फुगवटा सगळीकडे दिसतो. वारा असा शेकडो किलोमीटर एका तालात वाहत नाही.

लेखकांनी दर दहा दिवसांत ही थरथर किती तास चालली ते मोजलं आणि तो आलेख निळ्या ठिपक्यांच्या बरोबर खाली, त्याच कालरेषेवर ठेवला. वर जिथे दाता तुटतो तिथेच खाली सुळका उभा राहतो. दोन दात्यांच्या मध्ये खाली जवळजवळ काहीच नाही. सहा वर्षांच्या नोंदींत हा मेळ टिकतो. दोन वेगळी यंत्रं, एक मिलिमीटर मोजणारं, दुसरं कंपनं टिपणारं, आणि दोघांची साक्ष एकच. लेखकांनी इथे बाण, चौकटी, ठळक अक्षरं असं काही वापरलेलं नाही. एवढा संयम मला फार थोड्या आकृत्यांत दिसला आहे.

घसरणारा दाता पाहून पहिल्यांदा हायसं वाटतं. भूकंप न होता ताण निघून गेला असं वाटतं. पण हे सरकणं ज्या पट्ट्यात होतं तो अडकलेल्या भागाच्या खाली, साधारण २५ ते ४५ किलोमीटर खोलीवर आहे. तिथला ताण सुटतो तेव्हा त्याचा भार वरच्या, न हललेल्या भागावर पडतो. कागदावर रेघ खाली येते त्या आठवड्यांत अडकलेल्या विभंगावरचं ओझं वाढलेलं असतं. तो विभंग शेवटचा तुटला २६ जानेवारी १७०० च्या रात्री. तारीख इतकी नेमकी माहीत आहे ती जपानच्या किनाऱ्यावर, भूकंप न जाणवताच आलेल्या त्सुनामीच्या तिथल्या लेखी नोंदींमुळे.

लेखक यापुढे जाऊन सुचवतात की थरथर हा ताण वाढत असल्याचा तत्क्षणीचा निर्देशक म्हणून वापरता येईल. मला ही सूचना आकृतीच्या ताकदीबाहेरची वाटते. त्यानंतरही दर चौदाएक महिन्यांनी व्हिक्टोरिया मागे सरकत आलं आहे आणि मोठा विभंग जागचा हललेला नाही.

शिवाय सगळीकडे सरकणं असं कुजबुजत होत नाही. टोकियोच्या पूर्वेला बोसो द्वीपकल्पाखाली ते होतं तेव्हा नेहमीच्या लहान भूकंपांची मालिकाच सुरू होते. तिला मुख्य धक्का नसतो, नंतरचे हादरे क्रमाने विरतही नाहीत. १९९६, २००२, २००७, २०११ असं ते घडत गेलं आणि मालिका आपोआप थांबली. चिलीत इकीकेजवळच्या समुद्रात मार्च २०१४ मध्येही अशीच मालिका चालू होती. १६ मार्चला ६.७ चा धक्का बसला, हादरे पुढेमागे सरकत राहिले आणि १ एप्रिलला ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याआधीच्या हालचालीत संथ सरकण्याचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. बोसोची मालिका कोणती आणि इकीकेची कोणती, हे ती चालू असतानाच ओळखून देणारी आकृती अजून कुणाला काढता आलेली नाही.