रेणूचा रोग आणि कपाळावरची खूण

शास्त्रीय प्रबंध हा वाङ्मयीन टीकेचा विषय होऊं शकतो काय, असा प्रश्न कोणी करील. आमचें उत्तर असें कीं, ज्या लेखानें एक नवा शब्दप्रयोग रूढ केला, आणि ज्या शब्दप्रयोगानें पुढें माणसांच्या आयुष्याला हात घातला, तो लेख टीकेच्या कक्षेबाहेर राहूं शकत नाहीं. लायनस पॉलिंग व त्यांचे तीन सहकारी यांनीं १९४९ च्या नोव्हेंबरांत 'सायन्स' या अमेरिकन साप्ताहिकांत सिकलसेल रोगावर लिहिलेला प्रबंध या कोटींतला आहे. त्या रोगाला त्यांनीं 'रेणूचा रोग' असें नांव दिलें.

प्रबंधाचा गुण त्याच्या संयमांत आहे. हिमोग्लोबिन हें रक्तांतून प्राणवायु वाहून नेणारें प्रथिन. रोग्याचें हिमोग्लोबिन विजेच्या प्रभावाखालीं निरोग्याच्या हिमोग्लोबिनाहून निराळ्या रीतीनें सरकतें, आणि वाहकाच्या रक्तांत दोन्ही प्रकार एकत्र नांदतात, हें लेखकांनीं प्रयोगानें दाखविलें. पुढें १९५७ सालीं केंब्रिज येथें व्हर्नन इन्ग्रम यांनीं भेद नेमका सांगितला: बीटा साखळींतील सहाव्या जागीं ग्लुटामिक आम्लाऐवजीं व्हॅलिन. एवढ्याशा बदलानें प्राणवायु सोडलेले रेणू परस्परांस चिकटतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वांकते, आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबून असह्य कळा येतात.

परंतु 'रेणूचा रोग' या सुटसुटीत नांवांत एक उणीव आहे. रोग रेणूचा म्हटला कीं रोगी नजरेआड होतो. ही आमची केवळ शंका नव्हे. १९६८ सालीं खुद्द पॉलिंग यांनींच असें सुचविलें कीं, अशा दोषाच्या वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक परस्परांच्या प्रेमांत पडणार नाहींत. हेतु दुष्ट नव्हता; जन्मास येणाऱ्या मुलांचे हाल टळावे, हीच इच्छा होती. तथापि प्रयोगशाळेंतील खूण माणसाच्या कपाळावर नेतांना लेखणी अडखळली नाहीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

हा वाद दूरदेशींचा मानण्याचें कारण नाहीं. गोंदिया जिल्ह्यांत, नागझिऱ्याच्या अरण्यालगत वसलेलें चोरखमारा हें गांव घ्या. ज्या पूर्व विदर्भांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यांतलेंच तें एक. १ जुलै २०२३ रोजीं राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, आणि चाळीस वर्षांच्या आंतील सात कोटी लोकांची तपासणी हें उद्दिष्ट ठरलें. तपासणी हवीच, वेळीं कळलें तर मूल वांचतें. पण वाहक हा रोगी नव्हे. दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. हा विवेक तपासणीच्या कार्डाबरोबर घरीं पोंचला नाहीं, तर तेंच कार्ड उपवर मुलीच्या कपाळावरची खूण होतें, आणि स्थळें परत जाऊं लागतात.

औषधांचा इतिहासही हीच साक्ष देतो. व्होक्सेलोटर हें औषध थेट हिमोग्लोबिनाच्या रेणूलाच लक्ष्य करीत असे. त्यानें रक्तांतील हिमोग्लोबिनाचा आंकडा वाढला, आणि २०१९ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. २०२४ च्या सप्टेंबरांत मात्र कंपनीनें तें जगभरांतून मागें घेतलें; कारण कळांचे झटके व मृत्यु यांचा ताळा लाभाच्या बाजूनें लागेना. रेणू सुधारला, माणूस सुधारला असें म्हणतां येईना. उलट हायड्रॉक्सियुरिया हें जुनें औषध गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन वाढवून कळा कमी करतें, आणि रोग्याच्या अनुभवाच्या कसोटीस उतरतें.

सारांश, पॉलिंग-प्रभृतींचा प्रबंध श्रेष्ठ आहे. त्याचें नांव मात्र अर्धेंच खरें आहे. दोष रेणूचा, पण रोग माणसाचा. हा भेद ज्या डॉक्टरास, ज्या शिक्षकास आणि ज्या वरपित्यास कळला, त्यानें तो प्रबंध न वाचतांही त्याचा उरलेला अर्धा भाग जाणला, असें आम्ही म्हणूं.