फौज आहे, शिधा कुठाय?

'नेशनस्टेट्स' नावाचा संगणकावरचा एक खेळ आहे. मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन कादंबरीकाराने २००२ साली तो काढला, तो स्वतःच्या कादंबरीची जाहिरात व्हावी म्हणून. ज्याने त्याने आपापले राष्ट्र स्थापायचे. गंमत म्हणजे, खेळात लढाईची सोयच नाही. ती खेळाडूंनी एकमेकांना लिहून करायची. आणि लिहायला काय हो? शाईला थोडेच डिझेल लागते! एक सेनापती दोन ओळींत लाखभर सैन्य समुद्रापार उतरवतो. लगेच दुसरा विचारतो, "जहाजं किती? बंदर कुणाचं? आणि जेवणाचं काय?" झाले! युद्ध राहते बाजूला, वाद पेटतो डाळ-तांदळावर.

मला हा खडूस प्रश्नकर्ताच या खेळातला खरा कलावंत वाटतो. इथे समोरच्याने कबूल केल्याशिवाय त्याचा एक शिपाई मरत नाही. अशा ठिकाणी फुशारकीला लगाम घालतो तो फक्त हिशेब. बंदर शेजाऱ्याचे निघाले की त्याला आधी नमस्कार घालावा लागतो. मुत्सद्देगिरी सुरू होते ती तिथून. कधीकधी युद्धच टळते. शांततेच्या ओढीने नव्हे, शिध्याचा हिशेब जुळत नाही म्हणून.

कसे का टळेना, टळले ना!