फ्रिझलबाईंची बस आणि शेवटचा दूरध्वनी

लहान मुलांना विज्ञान शिकवण्याच्या हेतूने काढलेल्या चित्रमालिका पुष्कळ आहेत. त्यांतल्या बहुतेकींविषयी शिक्षकांशी बोलावे असे फारसे काही नसते. बोलणारे प्राणी, भडक रंग, मध्येच एखादा प्रश्न आणि मुलाने विचार करायच्या आत त्याचे उत्तर! ‘द मॅजिक स्कूल बस’ ही अमेरिकेतली मालिका याला अपवाद आहे. म्हणूनच तिचे गुणदोष जरा बारकाईने पाहावेत असे आम्हाला वाटते. वाईट मालिका बंद करून टाकता येते. चांगल्या मालिकेशी मात्र वर्गात आपली गाठ पडते.

जोआना कोल यांनी लिहिलेल्या आणि ब्रूस डिगन यांनी चित्रे काढलेल्या पुस्तकांवरून ही मालिका तयार झाली. पहिले पुस्तक १९८६ साली निघाले. मालिकेचे ५२ भाग १९९४ ते १९९७ या काळात तिथल्या पीबीएस या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेने तिला अर्थसाहाय्य केले होते. २०१७ साली नेटफ्लिक्सने ती नव्या रूपात काढली, पण येथे आपण जुन्या भागांविषयीच बोलणार आहोत.

मालिकेत फ्रिझलबाई नावाच्या शिक्षिका आहेत, त्यांचा लिझ नावाचा सरडा आहे आणि वर्गात मुले आहेत आठ. (पन्नास-साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्यांनी येथे एक उसासा टाकून पुढे वाचावे.) बाईंची बस हवी तेवढी लहान होते, हवा तो आकार घेते आणि मुलांना कुठेही नेते. कधी वर्गमित्राच्या पोटात, कधी वाळवंटात, तर कधी ग्रहांवर. चुका करायला घाबरू नका, हात मळू द्या, असे बाई मुलांना सतत सांगत असतात.

या मालिकेतली आम्हाला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट कथेत नाही, कथेनंतर आहे. गोष्ट संपली की मालिकेच्या निर्मात्याच्या कार्यालयात दूरध्वनी वाजतो. पलीकडे कुणीतरी प्रेक्षक मूल असते. तुम्ही दाखवलेत ते खरे कसे असेल, असे ते विचारते आणि निर्माता मान्य करतो की होय, येथे आम्ही जरा लबाडी केली. बस लहान होत नाही, इतक्या थोड्या वेळात हे घडत नाही. मूळ पुस्तकांतही शेवटी लेखिकेने असाच खुलासा केलेला असतो. आपण दाखवलेल्यापैकी खोटे काय ते आपणच मुलांना सांगणे ही गोष्ट शैक्षणिक कार्यक्रमांत फार क्वचित आढळते. आपली पाठ्यपुस्तकेही ते करत नाहीत. पाठ्यपुस्तकातल्या सूर्यमालेच्या चित्राखाली ‘हे चित्र प्रमाणात नाही’ एवढे चार शब्द छापलेले असले तरी पुष्कळ झाले!

आमचा आक्षेप आहे तो या दूरध्वनीच्या कक्षेबद्दल. मुलाला आधीच ठाऊक असते ते तो दुरुस्त करतो. बस लहान होत नाही हे पाच वर्षांच्या मुलालाही समजते. खरी अडचण वेगळीच असते. चित्र बघता बघता काही समजुती मनात शिरतात, आणि त्या खोट्या आहेत अशी शंकाही मुलाला येत नाही.

सूर्यमालेवरचा पहिलाच भाग घ्या. अरनॉल्डची चुलत बहीण जॅनेट प्रत्येक ग्रहावरून पुराव्यादाखल वस्तू गोळा करते आणि प्लूटोवर पोचल्यावर तो ढीग सोडून निघायला तयार होत नाही. तिला हलवण्यासाठी अरनॉल्ड शिरस्त्राण काढतो. त्याचे डोके क्षणात गोठते. मग तो घरी येतो आणि त्याला होते नुसती सर्दी! (प्लूटोला तेव्हा नववा ग्रह म्हणत. २००६ पासून तो बटुग्रह. हा मालिकेचा दोष नव्हे.) सर्दीचा विनोद मुलांना कळतो. पण ‘डोके क्षणात गोठले’ हे विनोद म्हणून दाखवलेले नाही, आणि तेच चूक आहे. प्लूटोवर तापमान शून्याखाली सुमारे २३० अंश सेल्सियस आहे हे खरे. पण तिथली हवा अतिशय विरळ आहे. न्यू होरायझन्स यानाने २०१५ साली मोजलेला दाब आपल्याकडच्या दाबाच्या सुमारे एक लाखांश आहे. इतक्या विरळ हवेत शरीरातली उष्णता वाहून नेणार कोण? थर्मासमधला चहा गरम राहतो त्याचे कारण हेच. अरनॉल्ड गोठण्याआधी श्वासावाचून दहा-पंधरा सेकंदांत बेशुद्ध पडेल आणि डोळ्यांवरचा, जिभेवरचा ओलावा झपाट्याने उडून जाईल. ‘थंड म्हणजे लगेच गोठणार’ ही समजूत मोठ्यांचीही असते. मालिकेने ती आणखी पक्की केली.

याच भागातली दुसरी समजूत अंतरांची. बस एका ग्रहावरून दुसऱ्यावर काही क्षणांत जाते. कथेला ते आवश्यक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण भाग पाहून झाल्यावर मुलांना मैदानावर नेल्याशिवाय राहू नये. दहा सेंटिमीटर व्यासाचे डाळिंब सूर्य म्हणून ठेवा. पृथ्वी म्हणजे खसखशीचा दाणा, सुमारे ११ मीटरवर. गुरू म्हणजे मोठा वाटाणा, ५६ मीटरवर. प्लूटोसाठी मैदान पुरणार नाही. तो सूर्यापासून सरासरी सव्वाचारशे मीटरवर असेल आणि दिसणारही नाही इतका लहान. फाटकाबाहेर पडून रस्त्याने चालत गेले की मग ‘दूर’ या शब्दाला अर्थ येतो.

राल्फी आजारी पडतो तो भाग आम्ही चौथीच्या मुलांबरोबर पाहिला. त्याच्या घशाला जंतुसंसर्ग झालेला असतो, बस त्याच्या रक्तात शिरते आणि पांढऱ्या पेशी तिलाच शत्रू समजून तिच्यावर धावून जातात. ही कल्पना फार चांगली आहे. शरीर ‘आपले’ आणि ‘परके’ असा भेद करते हे व्याख्येने सांगून मुलांना कळत नाही, येथे ते एका झटक्यात कळले. पण भाग संपल्यावर एका मुलाने सांगितले, “पांढऱ्या पेशींना डोळे असतात.” आम्ही विचारले, कशावरून? “मग बस दिसली कशी?” तर्क बिनचूक होता! पेशी पाहत नाही. जंतूच्या पृष्ठभागावरचे रेणू तिच्या पृष्ठभागावरच्या रेणूंना जुळतात, कुलपाला किल्ली जुळावी तसे. हे चित्रात दाखवणे अवघड नव्हते. पाठलाग जास्त रंगतदार, म्हणून पाठलाग घेतला.

जिथे कल्पना आणि विज्ञान एकमेकांशी भांडत नाहीत असेही भाग आहेत. घर्षणावरचा भाग आमच्या मते सगळ्यांत सरस. मुले भौतिकशास्त्राच्या पुस्तकाच्या एका पानात शिरतात. तिथे बेसबॉलचे मैदान आहे, पण घर्षण नाही. धावता येत नाही, एकदा सरकले की थांबता येत नाही. घर्षण काढून टाकणे कोणत्याच प्रयोगशाळेला पुरते जमणार नाही. चित्रपटाला ते जमते. जे हाताने करून पाहता येत नाही तेवढेच पडद्यावर दाखवावे, असा नियम करायचा तर हा भाग त्यात अचूक बसतो. आपल्याकडे बेसबॉल कुणी खेळत नाही, तेव्हा तोच प्रश्न आट्यापाट्यांवर विचारून पाहा. घर्षण नसेल तर पाटीवरच्या गड्याला हुलकावणी देणार कशी?

याच नियमाने काकडीच्या लोणच्याचा भाग आम्हाला तितकासा पटला नाही. कीशाची काकडी नाहीशी होते, तिच्या जागी लोणचे सापडते आणि हे सूक्ष्मजीवांचे काम असल्याचा उलगडा होतो. कथा मजेदार आहे. पण हे करून पाहायला एक बरणी, मिठाचे पाणी आणि काही दिवसांचा धीर पुरतो. तो धीरच मालिकेत नाही. शिवाय भाषांतर करून दाखवताना येथे एक खड्डा आहे. ‘लोणचे’ म्हटल्यावर आपल्या मुलांपुढे येते कैरीचे लोणचे. त्यात मीठ आणि तेल घालतो ते मुख्यतः सूक्ष्मजीवांना दूर ठेवण्यासाठी, म्हणजे उलट कारणासाठी. मुलांना दही किंवा आंबोळीचे पीठ दाखवावे, लोणचे नको.

आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. चुका करा, असे बाई म्हणतात खऱ्या, पण अडलेल्या ठिकाणी उत्तर येते ते बहुधा डोरोथी ॲनच्या पुस्तकातून. ती पान उघडते आणि आपल्या संशोधनानुसार असे असे आहे, म्हणून वाचून दाखवते. फूटपट्टी, तराजू, घड्याळ मुलांच्या हाती क्वचितच दिसतात. वाचणे म्हणजेच संशोधन, हा समज आपल्या प्रकल्पवह्यांनी आधीच पुरेसा रुजवला आहे.

दूरध्वनीची कल्पना मात्र आम्ही उचलली. भाग संपला की एक मूल निर्माता होते आणि बाकीची त्याला कानाशी मूठ धरून दूरध्वनी करतात. निर्मात्याने ‘माहीत नाही’ म्हटलेले चालते, पण प्रश्न फळ्यावर लिहायचा. राल्फीच्या भागानंतर एका मुलीने विचारले, शरीराच्या आत तर अंधार असणार, मग तिथे सगळीकडे उजेड कुठून आला? निर्माता गप्प बसला. दुसऱ्या दिवशी मुलांनी खिडक्या बंद केल्या आणि विजेरी तळहाताला चिकटवून धरली. बोटांच्या मधून लाल उजेड आला. थोडा प्रकाश आत जातो तर! मग पुढचा प्रश्न फळ्यावर आला, विजेरी पांढरी असताना उजेड लालच का?